टॅग लावावा तो पुढच्या शोधासाठी: बुकमार्क आणि टॅग यांचा घरच्या व ग्रंथालयाच्या कामात वापर

संदर्भ विभागात बसणाऱ्याला हा प्रसंग नवा नाही. वाचक काहीतरी विचारतो आणि आपल्याला पक्कं आठवतं की यावरचं एक चांगलं पान आपण मागे वाचलंय, ठेवलंयसुद्धा. ब्राउझरच्या बुकमार्कांत शिरावं तर 'इतर', 'महत्त्वाचे', 'नवीन फोल्डर २' अशी नावं. वाचक समोर उभा आणि आपण यादी खाली-वर करत बसलेलो. पान ठेवताना आपण ते उद्या कोणत्या शब्दाने मागू, एवढा एकच विचार करायचा राहिलेला असतो. पुढे जे काही सांगणार आहे ते या एका विचाराभोवतीच आहे.

फोल्डर म्हणजे मांडणी, टॅग म्हणजे विषयकार्ड

पुस्तक मांडणीवर एकाच जागी राहू शकतं. म्हणून तर कार्डांची तालिका असायची तेव्हा एकाच पुस्तकाची लेखकाचं, शीर्षकाचं, विषयाची दोन-तीन अशी वेगवेगळी कार्डं करावी लागत. फोल्डरमध्ये टाकलेला बुकमार्क मांडणीवरच्या पुस्तकासारखा असतो, एका फोल्डरात गेला की दुसऱ्यात दिसत नाही. टॅग, म्हणजे बुकमार्कला आपण जोडलेला शोधशब्द, हे विषयकार्ड आहे. हवी तितकी कार्डं करा, वस्तू एकच राहते.

२००३ साली जोशुआ शॅक्टर यांनी डिलिशस ही बुकमार्क ठेवण्याची सेवा सुरू केली तेव्हा तिच्यात दोन गोष्टी एकत्र आल्या. बुकमार्क आपल्या संगणकाऐवजी जाळ्यावर (वेबवर) राहू लागले आणि प्रत्येकाला मनाला येतील ते शब्द जोडता येऊ लागले. शिवाय हे सगळं इतरांना दिसत असे. मी ठेवलेलं पान आणखी कोणी ठेवलं आहे, त्याने कोणता टॅग लावला, त्या टॅगखाली त्याच्याकडे आणखी काय आहे, असं एकातून दुसऱ्याकडे जाता येई. सोशल बुकमार्किंग म्हणजे मुळात एवढंच. पुढच्याच वर्षी थॉमस व्हँडर वाल यांनी या प्रकाराला 'फोकसॉनॉमी' हे नाव दिलं. मराठीत त्याला लोकवर्गीकरण म्हणता येईल.

आत शिरण्याआधी बाहेरचं दार बघा

बहुतेक जण सेवा निवडताना ती दिसते कशी ते बघतात. माझा आग्रह असा की पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन 'एक्स्पोर्ट'चं, म्हणजे आपल्या सगळ्या नोंदी फाइलमध्ये उतरवून घेण्याचं, बटण शोधावं आणि ते दाबून बघावं. फाइल उतरली, तिच्यात टॅग आणि टिपा आल्या, तरच पुढे जायचं.

यामागे इतिहास आहे. मॅग्नोलिया या सेवेचा डेटाबेस २००९ च्या जानेवारीत बिघडला, बॅकअपही कामी आला नाही आणि लोकांच्या खुणा, म्हणजे ठेवलेले बुकमार्क, गेल्या. संशोधकांसाठीची कनोटिया २००४ ते २०१३ चालली, साइटयूलाइक २००४ ते २०१९. गूगल बुकमार्क्स २०२१ मध्ये बंद झालं, पॉकेट २०२५ च्या जुलैमध्ये. खुद्द डिलिशस हातोहात विकलं जात २०१७ मध्ये पिनबोर्ड या दुसऱ्या सेवेच्या मालकाकडे आलं आणि त्यात नवी भर घालणं बंद झालं. माझ्यावरही एकदा ही वेळ आली. एक सेवा बंद होत असल्याची सूचना मी वापरात नसलेल्या जुन्या ई-मेलवर आली होती. ती मी वाचली तेव्हा मुदत उलटून गेली होती. चार वर्षांच्या खुणा, त्यातल्या निम्म्या वाचकांच्या प्रश्नांसाठी शोधलेल्या, परत मिळाल्या नाहीत. तेव्हापासून नवीन खात्याला रोजचाच ई-मेल देते आणि बाहेरचं दार आधी बघते.

निवडीबद्दल थोडक्यात सांगते. एकट्यासाठी, कमीत कमी खटाटोपात सुरुवात करायची असेल तर फायरफॉक्स पुरेसा आहे. त्यात २००८ पासून बुकमार्कला टॅग लावता येतात आणि पत्त्याच्या पट्टीत अधिकचं चिन्ह देऊन शब्द लिहिला की टॅग लावलेली पानं पुढे येतात. क्रोममध्ये फक्त फोल्डर आहेत, टॅग नाहीत. फोन आणि संगणक दोन्हींवर नीट चालेल असं हवं असेल तर रेनड्रॉप बघा. साधं, मजकुरापुरतं आणि वर्गणी भरून चालणारं हवं असेल तर पिनबोर्ड. लेखन-संशोधन करणाऱ्यांनी झोटेरोच घ्यावं, कारण तिथे बुकमार्कबरोबर लेखक, वर्ष, प्रकाशन असा पूर्ण संदर्भ साठतो आणि गटात वाटून घेता येतो. पानातल्या नेमक्या ओळींवर एकत्र शेरे लिहायचे असतील तर हायपोथेसिस. आणि संस्थेकडे स्वतःचा सर्व्हर व तो सांभाळणारं माणूस असेल तर लिंकडिंग किंवा शारली ही बुकमार्कांची सॉफ्टवेअरं स्वतःकडेच बसवता येतात. ते माणूस नसेल तर मात्र या वाटेला जाऊ नये.

एक नोंद, नीट केलेली

खूण ठेवायला पाच सेकंद लागतात, चांगली ठेवायला चाळीस. फरक कुठे पडतो ते एका नोंदीवरून दाखवते.

भिजलेल्या पुस्तकांचं काय करावं यावरची एक पीडीएफ मला सापडली. जशीच्या तशी ठेवली असती तर तिचं शीर्षक 'मार्गदर्शिका ०४ अंतिम' असं राहिलं असतं. ते मी बदललं: 'भिजलेली पुस्तकं वाचवण्याची कृती (ग्रंथालयांसाठी)'. खाली टीप लिहिली: 'पहिल्या ४८ तासांत सुकवणं जमणार नसेल तर गोठवून ठेवायची, ते पान ३ वर. गुळगुळीत कागदाची पुस्तकं आधी हाताळायची, नाहीतर पानं चिकटतात. बुरशी आल्यास मास्क.' मग टॅग: पुस्तक-जतन, पाणी-गळती, बुरशी, कृती, ग्रंथालय-काम.

यातला 'पाणी-गळती' हा शब्द त्या पीडीएफमध्ये कुठेही नव्हता. पण ही पीडीएफ मला लागेल ती छतातून पाणी टपकू लागल्याच्या सकाळी, आणि तेव्हा माझ्या तोंडी 'जतन' येणार नाही, 'गळती' येईल. पान कशाबद्दल आहे हे यंत्र शोधून देऊ शकतं. कोणत्या वेळी लागेल हे फक्त ठेवणाऱ्याला माहीत असतं, आणि ते लिहिण्याची जागा म्हणजे टॅग.

टीप टाळू नका. दोन ओळी पुरतात: यात नेमकं काय आहे, कितव्या पानावर आहे, आणि मला ते का हवं वाटलं. पुढे कधी ते पान जाळ्यावरून नाहीसं झालं तर हातात एवढंच उरतं. फोनवर वाचताना टीप लिहायला सवड नसते, तेव्हा 'शेअर' करून नुसती खूण टाकावी आणि 'टिपण-बाकी' हा एक टॅग लावून मोकळं व्हावं.

शब्द सुचण्यासाठी चार प्रश्न

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या आपल्या द्विबिंदू वर्गीकरणात पुढे विषयाची फोड पाच पैलूंमध्ये केली: व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, स्थळ आणि काळ. एका विषयासाठी एकच ठरीव चौकट न ठेवता पैलू जोडत जाऊन विषय उभा करायचा, ही त्यामागची दृष्टी. टॅग लावताना हीच दृष्टी फार उपयोगी पडते. रोजच्या कामासाठी मी ती चार प्रश्नांवर आणली आहे. हे कशाबद्दल आहे? हे काय आहे, म्हणजे अहवाल, कृती, नकाशा, आकडेवारी, मुलाखत? कोणत्या कामासाठी किंवा कोणत्या वाचकासाठी? आणि यावर अजून काही करायचं राहिलंय का?

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो आणि सगळ्यात जास्त कामाचा आहे. 'बालवाचन' टॅगखाली दोनशे नोंदी असतील, पण 'बालवाचन' आणि 'पालकांसाठी' दोन्ही एकदम दिले की बारा उरतात, आणि त्यातही 'कृती' जोडला की तीन. टॅगची खरी ताकद या जोडणीत आहे. म्हणून 'बालवाचन-पालकांसाठी-कृती' असा लांबलचक एकच टॅग करू नये. सुटे ठेवावेत, शोधताना जोडावेत.

चौथ्या प्रश्नाचे टॅग तात्पुरते: 'वाचायचं', 'टिपण-बाकी', 'तपासायचं'. काम झालं की ते काढून टाकायचे. झोटेरोत अशा टॅगना रंग देता येतो आणि मग आकड्याची कळ दाबून ते लावता-काढता येतात. यादीत रंगाचा ठिपका दिसत राहतो, त्यामुळे राहिलेलं काम नजरेआड होत नाही.

एका नोंदीला तीन ते सहा टॅग पुरेत. दहा लागू लागले की समजावं, आपण पानाचा सारांश लिहितोय, आणि त्यासाठी टिपेची जागा आहे.

मराठीत टॅग लावताना

इंग्रजी टॅगांवरचा सल्ला उदंड आहे, पण मराठीचे प्रश्न वेगळे आहेत आणि ते कोणी फारसं सांगत नाही.

पहिला प्रश्न लिपीचा. पान कोणत्याही भाषेतलं असो, टॅग एकाच लिपीत ठेवा. मी सगळे देवनागरीत ठेवते. 'शिक्षण' काही ठिकाणी देवनागरीत, काही ठिकाणी रोमन अक्षरांत आणि काही ठिकाणी इंग्रजी शब्दाने, अशी सरमिसळ झाली की संग्रहाचे तीन तुकडे पडतात आणि कुठलाच पूर्ण दिसत नाही.

दुसरा, रूप. प्रत्यय लावू नका: 'शाळेतील' नको, 'शाळा' हवं. आणि एकवचन की अनेकवचन? ग्रंथालयांच्या इंग्रजी विषयशीर्षकांत मोजता येणाऱ्या वस्तू सहसा अनेकवचनात लिहितात. मराठीत मात्र मी एकवचनाच्या बाजूची आहे. अनेकवचन घेतलं की 'पुस्तके' की 'पुस्तकं' हा प्रश्न येतो, आणि तीन सहकारी असतील तर दोन्ही पडणारच. 'पुस्तक' ठेवलं की तो वादच नाही.

तिसरा, जोडशब्द. काही सेवा मोकळी जागा आली की तिथे टॅग तोडतात. 'ग्रामीण आरोग्य' लिहिलं तर 'ग्रामीण' आणि 'आरोग्य' असे दोन टॅग होतात. म्हणून मराठी जो शब्द एकसंध लिहिते तो एकसंधच ठेवायचा, जसं 'बालसाहित्य', आणि बाकी ठिकाणी मधे छोटी रेघ द्यायची.

चौथा प्रश्न डोळ्यांना दिसत नाही म्हणून सगळ्यात फसवा. 'ॲप' हा शब्द घ्या. काही कळफलक पहिलं अक्षर 'ॲ' असं एक वर्ण म्हणून टाइप करतात, काही 'अ' वर चंद्र देऊन. पडद्यावर दोन्ही बहुतेकदा सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे टॅग असतात. 'शेतकऱ्या'तल्या 'ऱ्या'चंही तसंच, तो दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो. आमच्या एका यादीत 'ॲनिमिया' दोनदा दिसत होता, एकाखाली नऊ नोंदी, दुसऱ्याखाली चौदा, आणि कितीही निरखून बघितलं तरी फरक कळेना. उपाय साधा आहे. पहिली दोन अक्षरं लिहिली की सेवा जुने टॅग सुचवते, त्यातूनच निवडायचा. नवा टॅग हाताने टाइप करायची वेळ आली तर क्षणभर थांबून, हा खरंच नवा आहे ना, हे बघायचं. ह्रस्व-दीर्घाच्या चुकाही त्याच सवयीने थांबतात.

ग्रंथालयात, अनेक हातांनी

आतापर्यंतचं एकट्याचं होतं. गटात काम बदलतं.

स्कॉट गोल्डर आणि बर्नार्डो ह्युबरमन यांनी डिलिशसवरच्या टॅगांचा अभ्यास केला होता, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एखादं पान साधारण शंभरेक जणांनी ठेवलं की त्यावरच्या टॅगांचं आपसातलं प्रमाण जवळपास स्थिर होतं, असं त्यात दिसलं. हजारो लोक असले की चुका आणि लहरी एकमेकींत विरून जातात आणि एक समजुतीचा शब्द वर येतो. पण ग्रंथालयात आपण असतो चौघं-पाचजण. तिथे काहीच विरत नाही. एकाने लावलेला विचित्र शब्द तसाच राहतो. म्हणून लहान गटाला आधी शब्दांची यादी लागते.

यादी मोठी नको. साठ-सत्तर शब्दांनी सुरू करा, एका सामायिक कागदपत्रात, आणि प्रत्येक शब्दापुढे 'याऐवजी हे शब्द वापरू नयेत' असा रकाना ठेवा. कोणीही नवा शब्द सुचवू शकतो, यादीत घालायचं काम मात्र एकाच व्यक्तीकडे असावं. महिन्यातून अर्धा तास एकत्र बसून नव्या शब्दांवर बोलून घेतलं की पुरतं.

शब्द निवडताना वाचकाचं ऐका, हे मला एका आईने शिकवलं. मुलगा वाचनात अडखळतो, त्याबद्दल काही आहे का, असं तिने विचारलं. आमच्याकडे चांगल्या नोंदी होत्या, पण 'अध्ययन-अक्षमता' या टॅगखाली. शिक्षक आले की 'डिस्लेक्सिया' म्हणत. पालक म्हणत 'वाचता येत नाही', 'अक्षरं उलटी लिहितो'. विषयशीर्षक म्हणून 'अध्ययन-अक्षमता' बरोबरच आहे, ते आम्ही ठेवलं. पण 'डिस्लेक्सिया' आणि 'वाचनात-अडचण' हे दोन टॅगही त्याच नोंदींना जोडले. नियंत्रित, म्हणजे ग्रंथालयाने ठरवून दिलेले, शब्द आणि लोकांचे शब्द यांत एकाची निवड करावी लागत नाही. तालिकेत एका शब्दावरून दुसऱ्याकडे पाठवणारं 'पाहा' म्हणून कार्ड ठेवायचो, त्याचंच हे रूप.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाने पेनटॅग्स ही स्वतःची टॅग-सेवा चालवली तेव्हा वाचकांना जाळ्यावरच्या पानांबरोबर ग्रंथालयाच्या तालिकेतल्या नोंदींनाही टॅग लावता येत. २००५ मध्ये सुरू झालेल्या लायब्ररीथिंग या पुस्तकांच्या नोंदी ठेवण्याच्या संस्थळावर सभासद एकाच अर्थाचे टॅग जोडून एकत्र करू शकतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००८ च्या जानेवारीत तीन हजारांहून अधिक छायाचित्रं फ्लिकरवर ठेवली, लोकांनी त्यांना टॅग लावले, माणसं आणि जागा ओळखून कळवल्या, आणि ती माहिती पडताळून ग्रंथालयाने आपल्या नोंदी सुधारल्या. यातला 'पडताळून' हा भाग सोडू नये. वाचकांचे टॅग वेगळे दिसतील असे ठेवा आणि तालिकेत घ्यायचे ते बघून घ्या.

झोटेरो गटात वापरणार असाल तर एक सोय आधीच बंद करून ठेवा. लेख किंवा पुस्तक साठवताना त्यातले विषयशब्द आपोआप टॅग म्हणून जोडण्याची सोय त्यात सुरू असते. पंधरा दिवसांत दोन-तीनशे परके टॅग येऊन पडतात आणि आपली साठ शब्दांची यादी त्यात बुडते. सेटिंगच्या सर्वसाधारण भागात जाऊन ती बंद करा.

वाचकांसमोर आणण्याचा सोपा मार्ग म्हणजे टॅगच्या पानाचा दुवा. अनेक सेवा प्रत्येक सार्वजनिक टॅगला किंवा संग्रहाला आरएसएस फीड, म्हणजे नव्या नोंदी आपोआप पुरवणारा दुवा, देतात. ते ग्रंथालयाच्या संस्थळावर विषयाच्या पानात बसवलं की आपण खूण ठेवली त्याच दिवशी तिथे ती दिसते, पान हाताने बदलावं लागत नाही. यासाठी मात्र 'संस्थळावर' असा वेगळा टॅग ठेवा. कामासाठी ठेवलेलं सगळंच लोकांना दाखवण्याजोगं नसतं.

वाचकाचा प्रश्न वाचकाचाच

इथे मी थोडी कठोर आहे. सार्वजनिक खात्यावर नोंद करताना टिपेत 'अमुक वर्गातल्या विद्यार्थिनीने विचारलं' असं लिहू नका, नाव तर नाहीच. एखाद्या आजारावर किंवा घटस्फोटाच्या कायद्यावर एकाच दुपारी पाच नोंदी सार्वजनिक झाल्या, तर त्या दिवशी ग्रंथालयात कोण आलं होतं हे ठाऊक असणाऱ्याला बाकीचं कळायला वेळ लागत नाही. प्रश्नातून आलेल्या नोंदी आधी खाजगी ठेवाव्यात आणि काही आठवड्यांनी, उपयोगी वाटल्या तर, एकत्र सार्वजनिक कराव्यात. स्वतःच्या खात्यालाही हेच लागू आहे. रेनड्रॉपमध्ये संग्रह खाजगी असतो जोवर तुम्ही तो उघडत नाही. पिनबोर्डमध्ये हे खात्याच्या सेटिंगवर अवलंबून असतं. पहिल्याच दिवशी बघून घ्या.

निगा

महिन्यातून एकदा टॅगची यादी संख्येनुसार लावून बघा. ज्या टॅगखाली एकच नोंद आहे तो बहुतेक टाइपाची चूक असतो किंवा दुसऱ्या टॅगचा जुळा. नाव बदलून जोडून टाका. ज्या टॅगखाली शंभराहून जास्त नोंदी आहेत त्याने आता काही शोधलं जात नाही, त्याच्याबरोबर दुसरा पैलू जोडायची वेळ आली. टॅग नसलेल्या नोंदी वेगळ्या काढायची सोय बहुतेक सेवांत असते. त्यातल्या सहा महिन्यांपेक्षा जुन्या आणि पुन्हा न उघडलेल्या नोंदी मी पुसून टाकते, आणि आजवर त्यातल्या एकीचीही आठवण झालेली नाही.

दुवे मरतात. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ च्या पाहणीत, २०१३ मध्ये असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. ज्या पानावर वाचकांना पाठवणार आहात ते नोंद करतानाच इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करा आणि तो दुसरा पत्ता टिपेत चिकटवा. झोटेरोत पानाची प्रत नोंदीबरोबरच साठते.

राहिला बॅकअप. दर तीन महिन्यांनी एक्स्पोर्ट करा, फाइलच्या नावात तारीख घाला आणि ती दोन ठिकाणी ठेवा. मग ती फाइल उघडून मधूनच कुठलेही पाच दुवे बघा: टीप आली आहे का, टॅग आले आहेत का, आणि देवनागरी अक्षरांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं तर नाहीत ना. तीच फाइल फायरफॉक्सच्या एका रिकाम्या प्रोफाइलमध्ये आयात करून 'पाणी-गळती' शोधा. ती पीडीएफ समोर आली की फाइल कपाटात ठेवायला हरकत नाही.